मुलांचा दमा : मॅग्नेशियमला उशीर नको

मा. संपादक,
स. न.

आपल्या आरोग्य पुरवणीतला मुलांच्या दम्यावरचा लेख वाचला. पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) कसा वापरायचा ते त्यात नीट सांगितले आहे, पंपाची सवय लागते या गैरसमजालाही उत्तर दिले आहे. मात्र एवढे करूनही मूल सावरले नाही तर पुढे काय, हे लेखात आले नाही. बालरुग्ण विभागात परिचारिका म्हणून मी बरीच वर्षे काम केले आहे आणि मौल्यवान वेळ याच टप्प्यावर जाताना पाहिला आहे.

झटका तीव्र असेल तर आधी ऑक्सिजन, साल्ब्युटामॉल आणि इप्राट्रोपियम या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधांची वाफ, सोबत स्टिरॉइड. स्टिरॉइडचा गुण यायला काही तास लागतात, म्हणून ते पहिल्या तासातच पोटात किंवा शिरेत जायला हवे. त्यानंतरही बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ऑक्सिजन खालीच राहत असेल, तर शिरेवाटे मॅग्नेशियम सल्फेट द्यायचा विचार तेव्हाच व्हायला हवा. श्वासनलिकेचे स्नायू आवळले जातात ते पेशींत कॅल्शियम शिरल्यामुळे. मॅग्नेशियम त्याला अडवते आणि स्नायू सैल पडतात.

गरोदरपणातल्या आकडीसाठी हेच औषध प्रसूतिकक्षात ठेवलेले असते. तरीही दम्याच्या मुलासाठी ते व्हेंटिलेटरच्या आधीचा अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, आणि ती मला पटत नाही. २०१६ च्या कोक्रेन आढाव्यात (एका विषयावरचे अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) पाच अभ्यासांतली १८२ मुले होती. शिरेवाटे मॅग्नेशियम मिळालेल्यांना रुग्णालयात दाखल करण्याची गरज कमी पडली. आकडा लहान आहे, हे खरेच. पण ती मुले तातडीच्या विभागातली होती, म्हणजे औषध त्यांना सुरुवातीच्या तासांतच मिळाले होते. मूल थकून सुस्तावल्यावर, छातीतला आवाजही ऐकू येईनासा झाल्यावर तेवढ्याच गुणाची आशा कशी धरणार? ‘आधी वाफेतून मॅग्नेशियम देऊन बघू’ हा मधला मार्गही उपयोगाचा दिसत नाही. कॅनडात ८१६ मुलांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वाफेतल्या मॅग्नेशियमने दाखल होण्याचे प्रमाण कमी झाले नाही.

उशिराचे खरे कारण भीती आहे, आणि ती निराधार नाही. औषध भरभर गेले तर रक्तदाब घसरतो, फार जास्त गेले तर श्वासच मंदावतो. म्हणून ते साधारण वीस मिनिटांत, सलाईनमध्ये पातळ करून, मॉनिटर लावून द्यायचे. मात्रा बहुधा किलोमागे ४० ते ५० मिलिग्रॅम, एकूण २ ग्रॅमपेक्षा जास्त नाही. धोका हिशेबात आहे. ५० टक्क्यांच्या द्रावणात एका मिलिलिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम औषध असते. २० किलोच्या मुलाला किलोमागे ४० प्रमाणे ८०० मिलिग्रॅम, म्हणजे फक्त १.६ मिलिलिटर लागते. रात्रीच्या धावपळीत दशांश चिन्ह सरकले तर दहापट औषध जाईल. त्यामुळे वजनानुसार मिलिलिटर लिहिलेला तक्ता तातडीच्या ट्रॉलीवरच चिकटवलेला असावा, भरलेली सिरिंज दोघांनी तपासावी, गुडघ्याखाली हलके ठोकल्यावर पाय उडतो का ते अधूनमधून पाहावे (औषध जास्त झाले की तो उडेनासा होतो) आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी असावे. एवढी तयारी छोट्या रुग्णालयालाही जमते. ती आधीपासून केलेली असेल तर डॉक्टरांचा हात अडखळत नाही.

औषध सुरू असताना मुलाचा चेहरा लाल होतो, अंगात ऊष्णता जाणवते. हे आईवडिलांना आधी सांगितले तर ते घाबरून सलाईन थांबवायला सांगत नाहीत.

आणखी एक. मॅग्नेशियमने श्वासनलिकेची सूज उतरत नाही. धाप थांबली तरी स्टिरॉइडचा ठरलेला कोर्स पुरा करावा लागतो. ज्या मुलावर शिरेवाटे मॅग्नेशियम देण्याची वेळ आली, त्याला पुन्हा तीव्र झटका येण्याचा धोका जास्त असतो. घरी सोडतानाच्या कागदावर मॅग्नेशियम दिल्याची ठळक नोंद, रोजचा प्रतिबंधक पंप आणि लवकरच्या फेरतपासणीची तारीख या तिन्ही गोष्टी आईवडिलांनी मागून घ्याव्यात.

आपली,
बालरुग्ण विभागातील एक परिचारिका