गॅरेजच्या कोब्याबद्दल, रंग घेण्याआधी

भोसरी, ऑगस्ट

प्रिय सुन्या,

सप्रेम नमस्कार. गॅरेजचे फोटो पाहिले. राखाडी इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा तो जमिनीचा कडक रंग) झकास दिसेल, पण डबे इतक्यात आणू नकोस. चिपळूणच्या पावसात मला रंगाची नाही, खालच्या ओलीची धास्ती वाटते.

कोब्याखाली प्लास्टिक घातलेलं नसेल (जुन्या बांधकामात कोण घालतं?) तर मातीतली ओल वर चढते आणि इपॉक्सीला फोड येतात. म्हणून आत्ता, ऐन पावसातच, एक गोष्ट कर. 18 इंचांचा चौकोनी पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर ठेव, चारही कडा टेपने घट्ट चिकटव आणि निदान 16 तास हात लावू नकोस. खाली पाणी सुटलं किंवा कोबा काळपट पडला, तर ओल आहे. लोक हे मे महिन्यात करून बघतात, सगळं कोरडं निघतं, आणि जुलैत रंग सुटतो. ओल निघालीच तर ओल सोसणारा इपॉक्सी प्रायमर लागेल. तो महाग वाटला तर सरळ सिलिकेटचं हार्डनर (कोबा कडक करणारं द्रावण) मारून कोबा तसाच ठेव. गॅरेजला तेही काही वाईट नाही.

तुझा पेंटर ॲसिड मारू म्हणतोय, ते मला पटत नाही. ऑइलच्या डागापुढे ॲसिडचं काही चालत नाही, धुण्याचं पाणी मात्र कोब्यात मुरतं, आणि बंद जागेत त्या वाफेने तुझे पाने गंजतील ते वेगळंच. आधी डिग्रीजर (ऑइल सोडवणारं द्रावण) टाकून ताठ ब्रशने घास आणि ते पाणी व्हॅक्यूमने ओढून घे. वायपरने ढकललंस तर तेच ऑइल सगळीकडे पसरेल. वाळल्यावर डागावर पाण्याचे चार थेंब टाक. थेंब गोल होऊन बसला तर ऑइल अजून आत आहे, परत घास. पसरून जिरला की पुढच्या कामाला लाग. गाडी उचलायच्या लिफ्टखालचा पट्टा तुला दमवणार, हे नक्की.

मग डायमंड ग्राइंडर, धूळ ओढणाऱ्या व्हॅक्यूमसकट. वरची सिमेंटची साय निघून हाताला पॉलिशपेपरसारखं खरखरीत लागलं पाहिजे. ही धूळ सिलिकाची आहे, फुफ्फुसाची वाट लावते. तोंडाला रुमाल बांधून भागणार नाही. एन-95 मास्क आण, पोरांनाही दे. भेगा थोड्या उकरून इपॉक्सी पुट्टीने भर. कुठे नवीन काँक्रीट टाकलंस तर त्यावर 28 दिवस काही लावू नकोस.

रंगाचं काम जानेवारीत काढ, पण भल्या पहाटे नको. जमिनीचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली ओल दव होऊन बसते, त्यापेक्षा) निदान 3 अंश सेल्सिअस वर हवं, नाहीतर डोळ्यांना न दिसणारं दव रंगाखाली अडकतं. अकराच्या पुढे सुरुवात कर.

ग्राइंडरचं भाडं तिकडे अवाच्या सवा सांगत असतील तर फोन कर, इथून टेम्पोत टाकून देतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अव्या