वकिलीच्या पहिल्या वर्षाला बसलेल्या मित्रास

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तीन वर्षांच्या एलएलबीला प्रवेश घेतलास हे वाचून फार आनंद झाला. नोकरी सांभाळून जमेल का आणि अभ्यासाला कुठून हात घालू, असं तू विचारलं आहेस. आधी हजेरीचं सांगतो, कारण तिथे घोळ झाला की परीक्षेलाच अडचण येते. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते. हिशेब विषयवार असतो, हे लक्षात ठेव. एखाद्या विषयाचे ६० तास झाले तर फार तर १८ बुडवता येतात. तुझ्या कामाची वेळ रोज एकाच विषयावर आदळत असेल तर ते १८ तास दोन महिन्यांतच संपतील. म्हणून वेळापत्रक लागल्याबरोबर ते कामाच्या वेळांशी ताडून बघ आणि ऑफिसात सवलत मागायची असेल तर तेव्हाच माग.

आता अभ्यास. पहिल्या वर्षी बहुतेक मुलं गाइड घेतात आणि बेअर अ‍ॅक्ट (भाष्याशिवाय नुसता कायद्याचा मजकूर) परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उघडतात. तू उलट कर. कलम वाचताना ते फोडायचं: मूळ वाक्य कुठे संपतं, परंतुक (‘परंतु’ने जोडलेली अट) कुठे सुरू होतं, स्पष्टीकरण कशाचं आहे, अपवाद कोणता. ‘आणि’ व ‘किंवा’ यांच्याभोवती पेन्सिलीने गोल कर. कायद्यात या दोन शब्दांवर खटले फिरतात. करार कायद्यातली उदाहरणं वगळू नकोस, ती कायद्याचाच भाग आहेत आणि कलम कसं चालतं ते तिथेच दिसतं.

निकाल वाचायला शिकणं हे मात्र खरं काम, आणि ते पहिल्याच सत्रात व्हायला हवं. मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष हा १९०३ चा प्रिव्ही कौन्सिलचा (ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा) निकाल तुला लवकरच भेटेल. गाइडमध्ये त्याचं एक वाक्य असतं: अज्ञानाचा, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेल्याचा, करार रद्दबातल असतो. तेवढ्यावर थांबू नकोस, निकाल छोटा आहे, मूळच वाच. कलकत्त्याच्या धर्मोदासने १८९५ मध्ये वीस हजारांसाठी घरं गहाण ठेवली. सावकाराच्या वतीने व्यवहार पाहणाऱ्या अ‍ॅटर्नीला मुलगा अज्ञान असल्याचं पत्र आधीच आलं होतं. तरी त्याने मुलाकडून ‘मी सज्ञान आहे’ असं लिहून घेतलं. आता गंमत बघ. एकदा केलेल्या विधानावरून नंतर फिरता येत नाही, याला विबंध म्हणतात. दर वर्षी ढिगाने उत्तरपत्रिकांत लिहिलं जातं की ‘अज्ञानाला विबंध लागू होत नाही असं प्रिव्ही कौन्सिलने ठरवलं.’ तसं ठरवलेलंच नाही. कौन्सिलने तो प्रश्न उघडा ठेवला. एवढंच म्हटलं की ज्याला खरी गोष्ट माहीत आहे त्याची खोट्या विधानाने दिशाभूल झालीच नाही, मग विबंधाचा प्रश्न येतोच कुठे? न्यायालयाने खरोखर काय ठरवलं आणि काय बाजूला ठेवलं, यातला हा फरक ओळखता आला की अर्धी वकिली आली, असं मी मनापासून मानतो.

म्हणून प्रत्येक निकालाचं एका पानाचं टिपण काढ. वरती नाव, वर्ष, न्यायालय, किती न्यायमूर्ती. मग वस्तुस्थिती, पण पाच-सहा ओळींतच आणि निकालावर परिणाम करणारी तेवढीच. मग मुद्दा प्रश्नाच्या रूपात. मग निर्णय आणि त्याचं कारण, ज्या परिच्छेदात ते आहे त्याच्या क्रमांकासह. शेवटी न्यायालयाने सोडून दिलेला प्रश्न. हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश, मात्र उतरवू नकोस. ती संपादकाने लिहिलेली असते, न्यायमूर्तींनी नव्हे, आणि ती चुकल्याचीही उदाहरणं आहेत. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या त्याच्याच संकेतस्थळावर फुकट मिळतात, त्यामुळे महाग रिपोर्टर (निकालांचे छापील खंड) घ्यायची गरज नाही. केशवानंद भारती हा संविधानाच्या मूळ चौकटीवरचा निकाल पहिल्या वर्षी अखंड वाचायला बसू नकोस. तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा आणि अकरा वेगवेगळी निकालपत्रं. तिथे आधी कोण कुठल्या बाजूला आहे याचा तक्ता करावा लागतो.

परीक्षेत समस्याप्रधान प्रश्न येतो तेव्हा मार्क जातात ते कलम न आठवल्याने कमी, आणि कलम वस्तुस्थितीला न लावल्याने जास्त. समज, सोळा वर्षांच्या मुलाने दुकानदाराकडून उधारीवर कपडे व पुस्तकं घेतली, असा प्रश्न आला. मुलं ‘करार कायद्याचं कलम ११, मोहरी बीबी, रद्दबातल’ लिहून मोकळी होतात. पण कपडे आणि पुस्तकं त्याच्या राहणीमानाला साजेशा गरजेच्या वस्तू असतील तर कलम ६८ येतं, आणि दुकानदाराला मुलाच्या मालमत्तेतून भरपाई मिळते. मुलगा व्यक्तिशः बांधील नाही, मालमत्ता आहे. हे एक वाक्य लिहिणाऱ्याला परीक्षक वेगळा काढतो.

फौजदारीत सध्या दोन आकड्यांची कटकट आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, भारतीय दंड संहितेची ५११ कलमं जाऊन ३५८ झाली. खून ३०२ चा १०३ झाला, फसवणूक ४२० ची ३१८ झाली. नव्या संहितेत ३०२ हे कलम आहे, पण ते धार्मिक भावना दुखावणाऱ्या उच्चारांचं आहे, म्हणजे सवयीने जुना आकडा लिहिलास तर उत्तर चुकीचंच होतं. आणि जुनं टाकूनही देता येत नाही, कारण त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच संहिता लागते आणि तू वाचशील ते बहुतेक निकाल जुन्या आकड्यांत आहेत. वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःच्या हाताने दोन रकाने आख आणि भेटेल तसं भरत जा. तयार तक्ता डोक्यात राहत नाही.

आता कोर्ट. कोर्सच्या शेवटच्या टप्प्यात मूट कोर्टाचा (सरावाच्या लुटुपुटुच्या कोर्टाचा) १०० गुणांचा प्रात्यक्षिक पेपर असतो. त्यात मूट, कोर्टातली निरीक्षणं, आणि अशिलाच्या मुलाखती व इंटर्नशिपची डायरी यांना प्रत्येकी ३० गुण, तोंडी परीक्षेला १०. निरीक्षणासाठी एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला पाहायचा असतो. मुलं गाजलेला खुनाचा खटला निवडतात आणि चार वेळा जाऊन फक्त ‘पुढील तारीख’ लिहून आणतात. तू पुण्यातल्या शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जा, दाराबाहेरचा बोर्ड वाच आणि पुराव्याच्या स्टेजवरचं लहानसं प्रकरण शोध. त्याचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) ई-कोर्ट्स अ‍ॅपवर टाकलास की पुढची तारीख आणि स्टेज घरी कळते, फेरा वाचतो.

दिवाणीत सरतपासणी, म्हणजे साक्षीदाराची स्वतःच्या बाजूची साक्ष, शपथपत्रावर येते, म्हणून ऐकण्यासारखी असते ती समोरच्या वकिलाची उलटतपासणी. तिच्या नोंदीत तुला सारखं ‘हे म्हणणे खरे नाही की...’ असं वाक्य दिसेल. पहिल्यांदा ते निरर्थक वाटतं. पण तेच महत्त्वाचं आहे. वकील आपल्या पक्षकाराची बाजू सूचनेच्या रूपात साक्षीदारासमोर ठेवतो, साक्षीदार नाकारतो, आणि नकारासकट ती बाजू नोंदीवर येते. ती सूचना केलीच नाही तर युक्तिवादाच्या वेळी ‘हे साक्षीदाराला विचारलं का नाही?’ असा प्रश्न येतो. तेवढी वाक्यं एकाखाली एक लिही, बचाव काय आहे तो त्यातून आपोआप उभा राहील. ‘निशाणी ५’ हा शब्दही कानावर पडेल. तो दाव्यासोबतचा तात्पुरत्या मनाईचा अर्ज, आणि पुष्कळ दाव्यांत खरी लढाई तिथेच होते. तुझं मराठी पक्कं आहे, ते इथे फार उपयोगी पडेल.

इंटर्नशिप तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे लागते आणि सलग चारपेक्षा जास्त आठवडे चालत नाही. म्हणजे शेवटी एकदम उरकता येत नाही. दर वर्षी चार आठवड्यांची रजा आत्ताच मनात धर. पहिल्या वर्षी तालुका किंवा जिल्हा कोर्टातल्या वकिलाकडेच जा. वकीलपत्र कसं लावतात, नक्कल कशी काढतात, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) मुदतीत कशी दाखल होते, हे तिथेच हाताखालून जातं.

मोहरी बीबीचं टिपण झालं की मला फोटो काढून पाठव. मुद्दा प्रश्नाच्या रूपात लिहायला विसरू नकोस, तिथेच तुझं काय अडतंय ते मला कळेल. वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद