भरती दाखवणारा एक खांब

मा. संपादक,
स. न.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या पेपरात नवी मुंबईतल्या होल्डिंग पाँडच्या गाळाची बातमी येते. यंदाही आली. गाळ किती साचला, खारफुटी किती माजली, ती काढायला न्यायालयाची परवानगी कशी लागते, सगळं त्यात होतं. ते तळं मुळात तिथे कशाला केलंय, हे मात्र नव्हतं. आमच्या सोसायटीत मी सहज विचारून पाहिलं. बहुतेकांचं उत्तर आलं, 'जॉगिंगसाठी.'

मी निवृत्त चित्रकला शिक्षिका. १९८७ साली लग्न होऊन वाशीला आले तेव्हा इथे लोकलही नव्हती, ती १९९२ ला आली. निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशांतून मी एक उद्योग सुरू केला (मुलगा त्याला 'नसता' हे विशेषण लावतो). पाण्याकाठच्या शहरांत जायचं, तिथल्या नव्या इमारती पाण्याकडे बघतात की पाठ फिरवून बसतात ते निरखायचं, आणि काढायचं. शाई, ब्रश, घडीचं स्टूल. शक्यतो शाईत तिथलंच पाणी मिसळायचं. आपल्या खाडीचं पाणी घातलं तर चित्र वाळल्यावर काळ्या रंगात मिठाचे बारीक पांढरे कण उठतात. बोट फिरवलं की कचकचतात.

अहमदाबादेत ल कॉर्बुझिए या वास्तुकाराने बांधलेली गिरणीमालक संघाची इमारत आहे, १९५४ ची. नुसतं काँक्रीट. रस्त्याच्या बाजूला ऊन अडवणारे तिरपे पडदे. मागची बाजू साबरमतीकडे उघडी ठेवलेली, कारण खाली नदीच्या वाळवंटात रंगारी कापड धुऊन वाळत घालायचे आणि ते गिरणीमालकांना दिसावं अशी त्याची इच्छा. आता तिथे रिव्हरफ्रंट झालाय. पाणी नर्मदेच्या कालव्याचं, नाव साबरमतीचं. रंगारी अर्थात नाहीत. चंदीगडचा सुखना तलाव बरा वाटला. १९५८ साली बांध घालून केलेला, बांधावर वाहन नाही, त्यामुळे म्हातारी माणसं संध्याकाळी निवांत चालतात.

गेल्या वर्षी हॉलंडला गेले. रॉटरडॅममध्ये बेन्थेमप्लेन नावाचा चौक आहे, २०१३ सालचा. एरवी मुलं त्यात बास्केटबॉल खेळतात, धो धो पाऊस झाला की तोच चौक सुमारे सतरा लाख लिटर पाणी पोटात घेतो. छानच आहे. पण मला खिळवून ठेवलं ॲमस्टरडॅमच्या नगरभवनाने. तिथे नगरभवन आणि ऑपेरा एकाच इमारतीत आहेत. मधल्या बोळात काचेच्या तीन उंच नळ्या उभ्या आहेत, पाण्याने भरलेल्या. दोन नळ्यांत त्या देशाच्या दोन बंदरांवर समुद्र या घडीला किती उंच आहे ते दिसतं. भरती आली की नळीतलं पाणी चढतं, ओहोटीला उतरतं. तिसरीतलं पाणी हलत नाही. १९५३ च्या फेब्रुवारीत बांध फुटून अठराशेच्या वर माणसं गेली, त्या पुराची ती उंची, साडेचार मीटरच्या थोडी वर. मान वर करून बघावी लागते. शेजारी एक पितळी बोल्ट आहे, तो त्यांचा शून्य, उंची तिथून मोजतात. जन्मदाखला काढायला आलेला माणूससुद्धा जाता जाता आपण समुद्राच्या किती खाली उभे आहोत हे बघून जातो. मी तिथे दीड तास बसले आणि एकच चित्र काढलं, तेही फसलं. काचेतलं पाणी शाईने काढणं मला अजून जमलेलं नाही.

परत आल्यावर वाशीच्या मिनी सी-शोअरला, खाडीकाठच्या आपल्या होल्डिंग पाँडवर गेले. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता हे वास्तुकार आणि अभियंते शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, १९७० ला सिडको आली आणि खाडीलगतच्या खाजणांत भराव पडला. आपले किती तरी सेक्टर मोठ्या उधाणाच्या पातळीपेक्षा खाली आहेत. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी खाडीत जाऊच शकत नाही. ते या तळ्यात थांबतं. तोंडाशी वरून बिजागरीवर टांगलेलं झापड असतं, त्याला फ्लॅप गेट म्हणतात. बाहेर खाडी चढली की तिच्याच दाबाने ते मिटतं, ती उतरली की आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. वीज नको, माणूस नको. गाळ अडकला नाही तर.

याला सगळे 'डच पद्धत' म्हणतात. मीही म्हणायचे. एकदा आमच्या शाळेतल्या शिपाईकाकांना स्केच दाखवलं. ते पेणच्या खारेपाटातले. म्हणाले, "बाई, ही तर आमची उघाडी." त्यांच्या भातशेतीच्या बांधाला लाकडी झापाची उघाडी असायची. खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, पावसाचं बाहेर सोडायचं. म्हणजे मी हॉलंडला जाऊन जे शोधत होते, ते शाळेची घंटा देणाऱ्या माणसाला लहानपणापासून ठाऊक होतं! तेव्हापासून मी उघाडीच म्हणते.

ओहोटीला मी ती उघाडी काढत बसले होते. झापाच्या कडेला कालवं चिकटलेली, खाली चिखलात निवट्या उड्या मारत होत्या, आणि फटीतून पाण्याची एक जाड दोरी पडत होती. फिरायला आलेले एक गृहस्थ थांबून म्हणाले, "मॅडम, गटाराचं कसलं चित्र काढताय?" त्यांची चूक नाही. त्यांना कोणी सांगितलेलंच नाही.

माझी मागणी छोटी आहे. काचेच्या नळ्या नकोत, आपल्याकडे त्या आठवडाभर टिकणार नाहीत. प्रत्येक होल्डिंग पाँडच्या काठी, उघाडीजवळ, ठळक आकड्यांचा एक खांब खाडीच्या बाजूला आणि एक तळ्याच्या बाजूला उभा करावा. आपल्याकडे मोठ्या उधाणाला भरती पाच मीटरच्या आसपास जाते, तिथे लाल पट्टा. शेजारी पाटी: हे तळं काय करतं, झाप कधी मिटतं. गाळाने तळं उथळ झालं की तेही खांबावरच दिसेल, बातमीची वाट बघायला नको. पाटीवर कोळ्यांचा हिशेबही लिहावा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खाडीत आत थोडा उशीर होतो, एवढंच.

आकडे रंगवायला मी येते, ब्रश माझे. येत्या संकष्टीला दुपारी तीनपासून मिनी सी-शोअरवर स्टूल टाकून बसणार आहे. झाप भरती चढत असतानाच मिटतं, ते कोणाला बघायचं असेल त्यांनी जरा आधीच यावं.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, वाशी