आजोबांचा फोटो, लक्ष्मीचं चित्र आणि माझी सुतारकी

विश्रामबाग, सांगली

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही "आजोबांच्या फोटोला हात लावायचा नाही" एवढंच म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. फोनवर तुमच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही, म्हणून हे पत्र. चष्मा लावून निवांत वाचा.

फ्रेम मला बदलायचीच नाही. शिसवीची ती पट्टी आणि अजून घट्ट बसलेले तिचे चारही कोपरे पाहून मलाच हेवा वाटतो. बदलायचंय ते आतलं. दिवाळीत जळमटं काढायला ती उतरवली, तेव्हा मी मागची बाजू नीट पाहिली. खिळे गंजलेत आणि पुठ्ठा विडीच्या पानासारखा तपकिरी होऊन कडेनं सुटतोय. स्वस्त पुठ्ठ्यात आम्ल असतं. ते वर्षानुवर्षं फोटोच्या कागदात उतरतं आणि कागद ठिसूळ होतो. कसर लागली आहे ती वेगळीच. शिवाय फोटो थेट काचेला टेकलाय. खाली डावीकडे, आजोबांच्या धोतराच्या सोग्याजवळ एक चकचकीत डाग दिसतो ना? तिथं फोटो काचेला चिकटलाय. फोटोवर जिलेटिनचा थर असतो. पावसाळी दमटपणात तो मऊ पडतो, काचेला धरतो आणि वाळला की सुटत नाही. ओढायला गेलं तर चित्र काचेवर राहतं आणि हातात नुसता कागद येतो.

म्हणून मी तो ओढणारच नाही. काचेसकट फोटो तसाच ठेवून वरून स्कॅन करून घ्यायचा, मागचा पुठ्ठा काढून आम्लविरहित बोर्ड घालायचा, नवे खिळे मारायचे आणि फ्रेम होती त्याच खिळ्याला परत लावायची. फक्त खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराच्या टिकल्या लावीन, म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळेल. शनिवार पेठेतली ती भिंत आषाढात किती ओल धरते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

हे वेड कुठून शिरलं, असं आई विचारत होती. २०१९च्या ऑगस्टमध्ये इथं सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची खूण ४५ फुटांवर असताना कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. पाणी ओसरल्यावर गावभागात गच्च्यागच्च्यांवर फोटो वाळत घातलेले मी पाहिले. सुटे फोटो बरेचसे वाचले होते. फ्रेममधले काचेला टेकलेले मात्र तिथंच वाळून बसले होते. लोक ते नखानं सोडवत होते आणि तोंडावरचा रंग निघून येत होता. तेव्हापासून कुणाच्याही घरी गेले की माझं लक्ष आधी भिंतीकडे जातं. पाहुणी म्हणून मी जरा त्रासदायकच झालेय.

आता आईच्या लक्ष्मीबद्दल. देवघरातलं ते चित्र रविवर्म्याच्या छापखान्यातलं आहे, असं बाबा नेहमी सांगतात. तो छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या छापांवर बऱ्याचदा खाली छापखान्याचं नाव असतं. आपल्या चित्राची खालची कड फ्रेमच्या पट्टीखाली गेलीय, त्यामुळे खरंखोटं उघडल्याशिवाय कळायचं नाही. बाबा, निदान एवढ्यासाठी तरी परवानगी द्या!

त्या चित्रावर कुणीतरी जरतार आणि टिकल्या शिवल्यात. आईच्या सासूबाईंनीच शिवल्या असणार. म्हणजे काच त्याला टेकवून चालणारच नाही. त्यासाठी खोल खाचेची फ्रेम करतेय, आत काच आणि चित्र यांच्यामध्ये लाकडाची बारीक काठी चारही बाजूंनी येईल. लाकूड तुमचंच आहे. पडवीच्या खिडकीची झडपं बाबांनी भंगारात न देता माझ्या गाडीत टाकली होती, तेच सागवान. आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधले, मग रंधा मारला. वरचा ऑइलपेंटचा हिरवा थर गेला आणि आतून मधाळ रंग निघाला. दोन पिढ्या उन्हापावसात काढलेलं लाकूड आहे, ते आता फार हलायचं नाही.

हलतं म्हणजे काय, तेही सांगते, कारण "चार पट्ट्या जोडायला एवढे दिवस?" असं बाबांनी विचारलंच होतं. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलतं. पावसाळ्यात पट्टी फुगली की कोपऱ्याचा तिरका सांधा बाहेरच्या टोकाला उघडतो, उन्हाळ्यात आक्रसली की आतल्या टोकाला. आणि त्या कापलेल्या तोंडाला फेविकॉल लावला की लाकडाच्या नळ्या तो पिऊन टाकतात. म्हणून आधी पातळ हात देऊन मुरू द्यायचा, मग दुसरा द्यायचा. चौकटीभोवती सुतळीचे वेढे घालायचे, काडीनं पीळ द्यायचा आणि दोन्ही कर्ण मोजायचे. अर्ध्या सुताचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जरी फरक आला तरी गोंद ओला आहे तोवर लांब कर्णाच्या बाजूनं दाबून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक कोपऱ्यात करवतीनं खाच पाडून सागाचीच पातळ पाचर बसवायची. चौकट वर्षानुवर्षं टिकते ती या पाचरीमुळे, नुसत्या गोंदावर नाही. बाजारातल्या सिंथेटिक पट्टीला यातलं काहीच लागत नाही, आणि पदवीच्या प्रमाणपत्राला ती पट्टी पुरेशी आहे, उगाच नावं ठेवू नयेत.

पॉलिश मिरजेत शिकले, सतारी करणाऱ्या एका कारागिरांकडे. स्पिरिटमध्ये चपडा लाख रात्रभर भिजवायची, कापसाचा बोळा सुती कापडात बांधायचा आणि थेंबभर तेल लावून गोल गोल फिरवत राहायचं. बोळा कुठं थांबला की तिथंच डाग पडतो. हवा दमट असली तर पॉलिश पांढरं पडतं, त्यामुळे ते पावसाळ्यात मला दारातही उभं करत नव्हते. आता हवा कोरडी आहे, म्हणून घाई करतेय.

आई, बोटांची काळजी करू नकोस. फिरती करवत मी घेतलेली नाही, हातकरवतीवरच भागतं. भुशासाठी मास्क आहे. गाडीच्या जागेत माझी सुतारकी चालते, म्हणून गाडी आता रस्त्यावर उभी असते, त्यावरून जावईबापूंची कुरकुर तुझ्या कानावर आली असेलच.

एक काम कर. लक्ष्मीचं चित्र खाली न उतरवता शिलाईच्या टेपनं दिसतो तेवढा भाग माप, आडवं आणि उभं, दोन-दोन ठिकाणी, कारण जुनी चित्रं क्वचितच काटकोनात कापलेली असतात. मापं इंचात आणि सुतात लिहून व्हॉट्सॲपवर टाक, फोनवर सांगू नकोस, साडेतेरा आणि साडेतीनमध्ये आपला नेहमी घोळ होतो. बाबांनी स्टुलावर चढायचं नाही. शेजारच्या मुलाला बोलवा.

पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं येतेय. जेवायला पिठलं-भाकरी पुरे. बोर्ड, रबराच्या टिकल्या आणि पितळी हुक मी घेऊन येईन. आजोबांच्या फोटोचं काय ते बाबांनी तोवर ठरवावं.

तुमची,
मनू

ता. क. लक्ष्मीपुढचं निरांजन तोवर वीतभर पुढे ओढून ठेव. काचेच्या खालच्या अर्ध्या भागावर काजळी धरलीय, ती मी येऊन पुसेन. ओलं फडकं अजिबात लावू नकोस, पाणी कडेनं आत शिरतं.