प्रमाणपत्र दिलं, मग नाकारलं कुठे?

मा. संपादक,
स. न.

बोगस दिव्यांग प्रमाणपत्रांच्या बातम्या गेली दीड-दोन वर्षं वर्तमानपत्रांत सतत येत आहेत. याव्यातच. खोटा दाखला काढणारा खऱ्या दिव्यांगाच्या ताटातलं ओढून खातो. पण ज्याचं अपंगत्व डोळ्यांना दिसतं आणि कागदावर मात्र दोन टक्के कमी पडतं, त्याच्याविषयी फारसं कुणी लिहीत नाही. माझा धाकटा भाऊ त्यांतला एक, म्हणून हे पत्र.

जानेवारी 2023 मध्ये कडबाकुट्टीत त्याचा उजवा हात गेला. वैरण पुढे सारताना पेंढीचा बंध बोटांत अडकला. तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून, अनामिका अर्धी. अंगठा आणि करंगळी राहिली, मनगट मात्र तेव्हापासून आखडलेलं आहे. लहानपणी चिंचेवरून पडून डावा पाय मोडला होता, तो वाकडाच जुळला, त्यामुळे लंगडणं आधीपासून होतंच. दोन एकर कोरडवाहू, गडी लावायची ऐपत नाही. खुरपं डाव्या हाताने धरायला तो शिकला. शर्टाची गुंडी अजून वहिनी लावते.

फेब्रुवारी 2024 मध्ये त्याला घेऊन सिव्हिल हॉस्पिटलला गेले. दिव्यांगत्व तपासणारं डॉक्टरांचं बोर्ड बुधवारी बसतं. पहाटेच्या एसटीने निघून टोकन मिळालं 112 नंबरचं. अस्थिरोगाचे डॉक्टर एकच, बाहेर जिना भरलेला. त्यांना दोष देणार नाही. आमचा नंबर दुपारी चारच्या सुमारास लागला आणि सगळं मिळून तीनेक मिनिटांत उरकलं. काही दिवसांनी ऑनलाइन प्रमाणपत्र आलं: 38 टक्के.

गावात पहिला प्रश्न हाच असतो, "किती टक्के बसलं?" अडतीस म्हटलं की ऐकणारा नुसता च्‌ च्‌ करतो, कारण चाळीसची रेघ सगळ्यांना पाठ आहे. संजय गांधी निराधार योजनेचं दरमहा अनुदान (गावात त्याला पगारच म्हणतात) 40 टक्क्यांपासून. एसटीची 75 टक्के सवलत 40 पासून. केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनाला तर 80 लागतात, ते आमच्या गावीही नव्हतं. तरी उत्पन्नाचा दाखला काढून 6 जून 2024 ला तहसीलमध्ये अर्ज दिला. ऑगस्टमध्ये एका ओळीचं उत्तर आलं: अपात्र, दिव्यांगत्व 40 टक्क्यांपेक्षा कमी.

मी 31 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं. प्रमाणपत्राची छापील प्रत आणायला गेलो तेव्हा सिव्हिलमधल्या एका भल्या कर्मचाऱ्याने सांगितलं होतं की हाताचे 30 आणि पायाचे 12 धरलेत. मग 42 व्हायला हवेत, 38 कुठून आले? ही चूक आहे असं मी छातीठोकपणे सांगत सुटले. चूक नव्हती. त्या वेळी लागू असलेल्या केंद्राच्या 4 जानेवारी 2018 च्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन आकडे सरळ मिळवत नाहीत. मोठा आकडा 90 मधून वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणायचं, 90 ने भागायचं आणि येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. 90 वजा 30 म्हणजे 60. साठ गुणिले बारा 720. भागिले 90, आठ. तीस आणि आठ अडतीस. बिनचूक. फळ्यावर मी स्वतः चार वेळा करून पाहिलं. आधीच तीस टक्के गमावलेल्या शरीरातून पुढचं नुकसान उरलेल्यातूनच मोजायचं, असा त्यामागचा विचार, आणि मला तो पटतोही. पण ही रीत माणसाला कुणी सांगत नाही. तो घरी जाऊन बोटांवर बेरीज करतो आणि आपल्याला फसवलं असं धरून बसतो.

खरी अडचण पुढेच आहे.

अपील करायचं ठरवलं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 59 सांगतं की प्रमाणपत्र देणाऱ्या प्राधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसेल, तर राज्य सरकारने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. छान. सिव्हिलच्या खिडकीवर विचारलं, अपील कुठे करायचं? तिथला मुलगा म्हणाला, "बाई, अपील नाकारल्यावर असतं. तुम्हाला तर प्रमाणपत्र दिलंय."

त्याचं वाक्य ऐकून मी तिथल्या बाकावर बसलेच. त्याच्या दृष्टीने ते खरं होतं. कलम 58 प्रमाणे तपासणीनंतर एक तर प्रमाणपत्र द्यायचं, नाही तर दिव्यांगत्व नाही असं लेखी कळवायचं. या लेखी नकाराचा छापील नमुना 2017 च्या नियमांत आहे. त्यात कारणांसाठी जागा आहे आणि निर्णय मान्य नसेल तर अमुक यांच्याकडे फेरविचारासाठी जा, अशी ओळही आहे. म्हणजे ज्याला शून्य मिळालं त्याला पुढचा दरवाजा कुठे आहे ते कागदच सांगतो. ज्याला 38 मिळाले त्याच्या हातात फोटो, शिक्का आणि टक्केवारी असलेलं देखणं प्रमाणपत्र असतं, त्यावर कारणही नाही आणि दरवाजाही नाही. त्या कागदाने एकही योजना मिळत नाही, पण सरकारदप्तरी त्याला नाकारलेलंच नाही! कलम 59 मध्ये शब्द 'निर्णय' असा आहे, 'नकार' असा नाही. 38 हा निर्णयच आहे. पण हे खिडकीवर उभं राहून कुणाला समजवायचं?

तहसीलमध्ये गेलं तर म्हणणार, टक्के आम्ही ठरवत नाही, सिव्हिलला जा. सिव्हिल म्हणणार, पगार आम्ही देत नाही, तहसीलला जा. तीन महिन्यांत तीन खिडक्यांवर अपील प्राधिकाऱ्याची तीन वेगवेगळी नावं मिळाली. एका माणसाने बाहेर चहाच्या टपरीवर चौथा मार्ग सुचवला. "पाच द्या, बेचाळीस करून आणतो." पाच म्हणजे पाच हजार. भाऊ माझ्याकडे बघत होता. खोटं सांगत नाही, क्षणभर माझंही मन डळमळलं. बोगस प्रमाणपत्रं कुठून येतात याचा शोध घेणाऱ्यांनी त्या टपरीवर अर्धा दिवस बसावं.

ऑक्टोबरमध्ये दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज केला. दोनच गोष्टी मागितल्या: भावाच्या तपासणीचा मूल्यमापन तक्ता आणि अपील प्राधिकाऱ्याचं पदनाम व पत्ता. दोन्ही मिळालं. तक्ता हातात आला आणि पाहते तर बोटांचं सगळं लिहिलेलं, पकडीचं लिहिलेलं, आणि मनगटाच्या हालचालीच्या रकान्यात पेनाने ओढलेली एक आडवी रेघ. मनगट मोजलंच नव्हतं. दुपारी चारला, 111 माणसांनंतर, ते राहून गेलं असणार. हेतू वाईट नव्हता हे मी मानते. पण तो तक्ता प्रमाणपत्राबरोबर मिळाला असता तर आम्हाला आठ महिने आधी कळलं असतं.

डिसेंबरमध्ये अपील केलं. उशीर का झाला याचा वेगळा अर्ज जोडला, तक्त्याची प्रत जोडली, त्या रेघेभोवती लाल गोल केला (शिक्षकी सवय). मे 2025 मध्ये दुसऱ्या मोठ्या सरकारी रुग्णालयात फेरतपासणी झाली. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी कोनमापकासारखं एक साधन मनगटाला लावून हात वर-खाली करायला सांगितला आणि आकडे मोठ्याने म्हणत लिहून घेतले. हाताचे 34 आले, पायाचे 12 तेच राहिले. नव्वदातून चौतीस गेले 56, त्याला बाराने गुणून नव्वदने भागलं की साडेसातच्या जरा खाली. मी बाहेर पिशवीच्या कागदावर हिशेब केला आणि भावाला सांगितलं, "एक्केचाळीस." तो म्हणाला, "आक्का, कागद येऊ दे आधी." कागदही 41 चाच आला. दिव्यांग ओळखपत्राच्या कार्डांना रंग असतात, चाळिसाच्या आत पांढरा, त्यावर पिवळा, 80 पासून निळा. त्याचं पिवळं आहे.

शिकलेली, पेन्शनवर असलेली, रिकामा वेळ असलेली बहीण पाठीशी होती म्हणून हे झालं. त्याच बुधवारी जिन्यात बसलेल्या किती जणांच्या तक्त्यात आडव्या रेघा असतील, मला माहीत नाही.

3 डिसेंबर 2022 ला महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. त्या विभागाला आणि पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला आपल्या वृत्तपत्रामार्फत माझं सांगणं एवढंच आहे: 40 च्या खालच्या प्रत्येक प्रमाणपत्रासोबत मूल्यमापन तक्त्याची प्रत द्या आणि मागच्या बाजूला अपील कुणाकडे, कुठे, किती दिवसांत, हे मराठीत छापा. याला नवा कायदा लागत नाही, शाई लागते. तहसीलच्या 'अपात्र' पत्रावरही तीच ओळ असावी. आणि अपिलात टक्के वाढले तर पगार पहिल्या अर्जाच्या तारखेपासून धरावा. चूक मोजणाऱ्याची आणि महिने गेले मोजून घेणाऱ्याचे, हा कुठला हिशेब?

हे शेवटचं मुद्दाम लिहिलं, कारण 41 टक्क्यांचं प्रमाणपत्र घेऊन आम्ही तहसीलला गेलो तेव्हा नव्याने अर्ज करायला लावला. तो सप्टेंबरमध्ये मंजूर झाला आणि ऑक्टोबर 2025 पासून पैसे खात्यात येऊ लागले. त्याच महिन्यात दिव्यांगांचं अनुदान 1,500 वरून 2,500 झालं, त्याबद्दल सरकारचे आभार. पण जून 2024 ते सप्टेंबर 2025 हे 16 महिने, जुन्या दराने 24,000 रुपये, त्यांचं काय, असं विचारलं. कारकुनांनी संगणकात पाहून सांगितलं, पहिला अर्ज निकाली निघालाय, तो आता दिसत नाही.

त्या अर्जाची शिक्क्यानिशी पोच माझ्याकडे आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
(भावाच्या विनंतीवरून नाव व गाव प्रसिद्ध करू नये.)