फेरीबोटीतल्या काकांचे आणि इतरांचे आभार

आमच्या घरातल्या दोन्ही क्रेडिट कार्डांचं देणं गणपतीआधी फिटलं. ज्यांच्यामुळे फिटलं, त्यांची नावंही धड विचारली नाहीत. म्हणून हे जाहीर आभार.

दाभोळ-धोपावे फेरीबोटीत भेटलेले निवृत्त बँकवाले काका, तुम्ही स्टेटमेंटच्या पाठीवरच हिशोब मांडलात. नुसती किमान रक्कम भरत राहिलं तर उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज चढतं. वर नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. बोट पलीकडे लागली तरी तुम्ही उतरायची घाई केली नाहीत!

पतसंस्थेतल्या ताई, सोनेतारण स्वस्त पडेल, आधी कार्डं मिटवा, हा सल्ला तुमचा. ‘सेटलमेंट’ केलं, म्हणजे देण्यापेक्षा कमी रकमेत तडजोड केली, की सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीत, तसा शेरा राहतो, हेही तुम्हीच सांगितलंत.

वसुलीवाले रात्री फोन करायचे. सकाळी ८ आधी आणि संध्याकाळी ७ नंतर त्याला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्याच लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, हे ई-सेवा केंद्रातल्या दादाने दाखवलं. पैसे घेतले नाहीत.

आगाऊ फी मागणारे ‘कर्जमुक्तीवाले’ मात्र या आभारांतून वगळले आहेत.