सहीचं चित्र चालतं, सही चालत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नारायण पेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. आठ बाय दहाचा गाळा, दोन मशीन, एक स्कॅनर, दोन कॉम्प्युटर. आधी याच गाळ्यात वडिलांचा टाइपिंग क्लास होता, मराठी-इंग्रजी दोन्ही. या पत्रात ज्या गोष्टीची तक्रार करणार आहे तिच्यावरच माझं घर चालतं, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको.

‘फॉर्म ऑनलाइन आहे ताई’ म्हणत रोज वीस-पंचवीस माणसं येतात. उघडून बघावं तर तो फॉर्म नसतोच, फॉर्मचा फोटो असतो. कुणीतरी कधीकाळी छापील कागद स्कॅनरवर तिरका ठेवला, पीडीएफ केली आणि वेबसाइटवर चढवली. एका अर्जाच्या उजव्या कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग आहे. मूळ कागदावर कुणी कप ठेवला असेल तो असो, पण तो डाग आता निदान शंभरेक अर्जांवर माझ्याच मशीनमधून गेला आहे. परवा एका पोराने तो खोडरबरने पुसायचा प्रयत्न केला.

पुढची वारी ठरलेली. डाउनलोड करा, प्रिंट काढा, पेनाने भरा, सही करा, स्कॅन करा आणि २०० केबीच्या आत अपलोड करा. सहा पानांचा अर्ज धरा. प्रिंटचे पानाला पाच म्हणजे तीस, स्कॅनचे दहा म्हणजे साठ, केबी कमी करायचे वीस. एकशे दहा रुपये माझ्या गल्ल्यात. ऑनलाइन अर्ज हा!

आमच्या पेठांमध्ये अभ्यासिकांतली मुलंमुली भरपूर. त्यातली एक वेल्ह्याकडची मुलगी मागच्या पावसाळ्यात तीन वेळा एकच अर्ज घेऊन आली. पहिल्यांदा रंगीत स्कॅन केला, फाइल झाली चार एमबीची. ती आवळत आवळत २०० केबीवर आणली तर अक्षरांचा पिठलं-भात झाला. दोन दिवसांनी शेरा आला, ‘कागदपत्रे अस्पष्ट’. दुसऱ्यांदा जरा कमी आवळली, तर साइटनेच फाइल आत घेतली नाही. तिसऱ्या खेपेला गुरुवार, लाइट सकाळपासून येऊन-जाऊन, आणि मुदत त्याच रात्रीची. मुलगी स्टुलावर बसून नुसती घड्याळाकडे बघत होती. शेवटी पहिलं पान, ज्यावर तिचा फोटो चिकटवलेला होता, ते करड्या रंगात घेतलं आणि उरलेली पाच निव्वळ काळ्या-पांढऱ्यात. निव्वळ काळ्या-पांढऱ्यात अक्षर ठसठशीत येतं आणि फाइल हलकी होते. फक्त फोटोचं मात्र डांबर होतं, म्हणून ते एक पान वेगळं. बसली फाइल. हे मला पंधरा वर्षं स्कॅनरपुढे बसून कळलं. वेल्ह्याच्या मुलीला ते कसं कळावं, आणि का कळावं?

यात खरी गंमत अशी, की टाइप करून भरलेल्या पीडीएफला हे काहीच करावं लागत नाही. त्यात अक्षर हे अक्षर म्हणूनच साठवलेलं असतं, स्कॅनमध्ये मात्र कागदाच्या प्रत्येक ठिपक्याचा हिशेब ठेवावा लागतो. म्हणून एक फाइल कापसासारखी आणि दुसरी भिजलेल्या गोधडीसारखी. ॲडोबीने पीडीएफ आणली १९९३ साली, २००८ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानकही झाली. त्यात रकाने ठेवून जागच्या जागी भरता येईल असा फॉर्म करणं काही नवलाचं नाही. ब्राउझरमध्येसुद्धा तो भरता येतो, प्रिंटरची गरज नाही. कार्यालयातल्या एका माणसाने एक दुपार बसून एकदा तो नीट बनवला, तर हजारो लोकांचे एकशे दहा रुपये वाचतील. माझे बुडतील, ते वेगळं.

जिथे रकाने केलेले असतात तिथे मराठीची परवड बघावी. नाव लिहायला घेतलं ‘श्रीकृष्ण’, तर रकान्यात चौकोन उमटतात, नाहीतर पाय मोडलेली अक्षरं एकामागे एक उभी राहतात, कारण बनवणाऱ्याने रकान्याला देवनागरीचा फॉन्टच दिलेला नसतो. काही पीडीएफ दिसतात शुद्ध मराठी, पण त्यातली ओळ कॉपी करून दुसरीकडे टाकली की इंग्रजी अक्षरांची भेळ होते. तो जुन्या, युनिकोडच्या (म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांवर अक्षर सारखंच ओळखलं जाणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टचा मामला. आम्ही डीटीपीवाल्यांनी श्रीलिपीत आयुष्य काढलं, तो फॉन्ट आपल्या पुण्यातच घडला, त्याच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण आज नवा फॉर्म तसा करायचं कारण काय?

आणि एक जात आहे ‘प्लीज वेट’वाल्यांची. ब्राउझरमध्ये उघडलं की एवढंच दिसतं, की थांबा, आणि हा मजकूर बदलला नाही तर तुमच्या सॉफ्टवेअरला हा फॉर्म दाखवता येत नाही. ती एका विशिष्ट प्रकारची फाइल असते, कॉम्प्युटरवर ॲडोबी रीडर टाकून त्यात उघडावी लागते. एक काका त्या पानाच्या दोन प्रिंट काढून, खाली सही करून, स्कॅन करायला घेऊन आले होते. मी हसले नाही. त्यांना सांगितलं होतं प्रिंट काढून सही करा, त्यांनी काढली.

आता सहीकडे येते, कारण पत्र खरं त्यासाठी लिहायला घेतलं.

दोनेक वर्षांपूर्वी एक ओळखीच्या वहिनी आल्या. अर्जावर नवऱ्याची सही हवी, नवरा कामाला नाशिकला, मुदत संध्याकाळची. त्यांच्या व्हॉट्सॲपवर त्याच्या पासबुकाचा फोटो होता, त्यावर सही. मी ती सही उचलली, मागचा कागदाचा रंग काढून टाकला, शाई जरा निळी केली आणि ‘अर्जदाराची सही’च्या रेघेवर अशी ठेवली की वेलांटीचं टोक रेघेच्या खाली उतरावं. खऱ्या सहीचं उतरतं. दोन मिनिटं लागली असतील. वीस रुपये घेतले. अर्ज मंजूर झाला. नवऱ्याचा होकार होता, फोन माझ्यासमोरच लावला होता. तरी त्या रात्री गल्ला मोजताना ती वीसची नोट मला बोचली. त्याच सफाईने मी कुणाचीही सही कुठेही बसवू शकले असते आणि पलीकडच्या टेबलावर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तेव्हापासून सही चिकटवायचं काम मी घेत नाही. स्वतःची सही स्वतःच्या मोबाइलवर बोटाने कशी करायची ते दाखवते, त्याचे पैसे घेत नाही. पण आमच्याच रस्त्यावर हे काम करणारी माणसं आहेत, आणि त्यांना गिऱ्हाईक कमी नाही.

ही झाली चालणारी सही. न चालणारीची गोष्ट भोरच्या एका आजोबांची. त्यांनी नातवाकडून महाभूमी या सरकारी वेबसाइटवरून पंधरा रुपये भरून डिजिटल सातबारा काढला होता. तो घेऊन ते शहरातल्या एका कार्यालयात गेले. कुठल्या, ते सांगत नाही. प्रिंटवर सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह उमटलं होतं. टेबलावरच्या साहेबांनी त्या प्रश्नचिन्हाला लाल पेनाने गोल केला, बाजूला लिहिलं ‘हे काय?’ आणि तलाठ्याचा सही-शिक्का आणून, स्कॅन करून मेल करायला सांगितलं. आजोबा तो कागद माझ्याकडे घेऊन आले आणि म्हणाले, “बाई, हा प्रश्न तेवढा पुसून द्या.”

ते प्रश्नचिन्ह सही खोटी आहे असं सांगत नसतं. समोरच्या कॉम्प्युटरला सही करणाऱ्याची ओळख पटलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. ॲडोबी रीडरमध्ये मूळ फाइल उघडायची, सहीवर उजवं क्लिक करायचं, पडताळणीत जाऊन प्रमाणपत्र बघायचं. प्रमाणपत्रांच्या साखळीच्या मुळाशी ‘सीसीए इंडिया’, म्हणजे अशा सह्यांवर देखरेख ठेवणारं सरकारी कार्यालय, दिसतं की नाही ते नीट वाचायचं, दिसलं तर त्याच्यावर विश्वास ठेवायला सांगायचं. (न वाचता कुठल्याही प्रमाणपत्राला हो म्हणू नये, मग सगळ्याच सह्या खऱ्या दिसू लागतील.) पुन्हा पडताळलं की हिरवी खूण येते. मी आजोबांना मूळ फाइलवर ती करून दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, “मग ही खूण कागदावर घेऊन जाऊ?”

तिथेच सगळं अडतं. डिजिटल सही फाइलमध्ये राहते, कागदावर नाही. मजकुरातून गणिताने एक ठसा काढतात आणि तो सही करणाऱ्याच्या गुप्त किल्लीने बंद करतात. नंतर कुणी एक स्वल्पविराम जरी हलवला तरी सही मोडल्याचं फाइल स्वतः सांगते. प्रिंट काढली की त्या सहीचं नुसतं चित्र उरतं, आणि प्रिंट स्कॅन केली की चित्राचं चित्र. म्हणजे साहेबांनी खरी सही नाकारून तिचा फोटो मागितला, आणि वर माझ्यासारखीला दोन मिनिटांत जमेल असा शिक्का. त्यांना शंकाच होती तर त्याच सातबाऱ्यावर पडताळणी क्रमांक असतो, तो वेबसाइटवर टाकायचा होता.

कायदा आपल्याकडे कधीचा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा, डिजिटल सहीला हातच्या सहीची मान्यता त्यातच दिलेली आहे. मृत्युपत्रासारखे थोडे कागद वगळलेत, पण आमच्या दुकानात येणारे अर्ज मृत्युपत्राच्या जातीचे नसतात. डिजिटल सहीचा पेनड्राइव्हसारखा टोकन सीए आणि ठेकेदार बाळगतात, सामान्य माणसाला तो परवडायचा नाही, हे खरं. पण त्यासाठी आधारवर चालणारी ई-साइन आहे. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो टाकला की सही होते. तुमचा कागदही सही देणाऱ्या संस्थेकडे जात नाही, त्याचा ठसा तेवढा जातो. ती सेवा देणाऱ्यांत सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था आहे, ‘ई-हस्ताक्षर’ या नावाने. ज्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम महासंगणक केला तीच, आणि तिचं मुख्यालय कुठे? आपल्या पुण्यात. नारायण पेठेतून रिक्षाने जाण्याइतक्या अंतरावर खऱ्या सहीची सोय आहे आणि मी इथे वेलांट्या उतरवत बसले होते.

घरभाड्याच्या करारात हे जमलंच की. पुण्यात आता एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, मालक आणि भाडेकरू सोफ्यावर बसून अंगठा देतात, करार नोंदला जातो. हजारो रुपयांच्या व्यवहाराला जे चालतं ते शिष्यवृत्तीच्या अर्जाला का चालू नये?

माझं मागणं फार नाही. ज्या कार्यालयाला अर्ज ‘ऑनलाइन’ म्हणायचा आहे त्याने तो युनिकोड मराठीत, जागच्या जागी भरता येईल असा ठेवावा. ई-साइनची सोय द्यावी. ज्यांच्या आधारला मोबाइल जोडलेला नाही त्यांच्यासाठी कागद चालू ठेवावा, तो बंद करा असं मी म्हणत नाही. भोरच्या आजोबांसारखे पुष्कळ आहेत. आणि डिजिटल सहीची फाइल आली तर ती फाइल म्हणूनच बघावी, तिची प्रिंट मागू नये. एवढं शिकवायला तासाभराचं प्रशिक्षण पुरे. बोलावलं तर मी येऊन दाखवीन, दुपारी एक ते चार मला वेळ असतो.

वाचकांनाही जाता जाता सांगते, कारण हे मी रोज बघते. केबी कमी करायला लोक गुगलवर जी पहिली फुकट वेबसाइट दिसेल तिथे आधार, पॅन, पासबुक टाकतात. ती फाइल कुठल्या देशातल्या कॉम्प्युटरवर गेली, तिथे किती दिवस राहिली, कोण बघणार आहे? तुमच्याच कॉम्प्युटरवर चालणारं सॉफ्टवेअर वापरा. चालत असेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. आधारचा आकडा झाकायला पीडीएफवर काळी पट्टी ओढून निश्चिंत होऊ नका, बऱ्याचदा पट्टीखालचा मजकूर तसाच असतो आणि कॉपी करता येतो. आणि माझ्यासारख्या दुकानात काम झालं की ‘ताई, माझी फाइल उडवा’ असं तोंडाने म्हणा. मी रोज रात्री शटर ओढायच्या आधी डाउनलोडचा फोल्डर आणि कचरापेटी दोन्ही रिकामी करते. पण एकदा दिवाळीच्या गडबडीत आठ दिवस राहिलं, तेव्हा त्यात चारशेच्या वर फाइली निघाल्या. निम्म्यांची नावं ‘आधार’ अशीच होती.

पत्र छापलंत तर नाव देऊ नये ही विनंती. प्रश्नचिन्हाला गोल करणारे साहेब माझ्याकडेच झेरॉक्सला येतात. मजकूर युनिकोडमध्ये मेलच्या अंगातच लिहिला आहे, पीडीएफ जोडलेली नाही.

आपली,
एक झेरॉक्सवाली, नारायण पेठ, पुणे